गोमीबायची ओळ कुणी झेलली

ज्या दिवसांत खाडीवर पूल नव्हता, नवरी होडीतून सासरी जायची आणि घरातलं मीठ संपलं तर लोक सरळ आगरात जाऊन ओंजळ भरून आणायचे, त्या दिवसांतली ही गोष्ट. तेव्हा खाडीसुद्धा माणसाचं ऐकायची, असं म्हणतात. आता ऐकते की नाही, ते गोष्ट संपल्यावर तुमचं तुम्ही ठरवा.

खाडीच्या काठाला चिंचखार नावाचं आगरी लोकांचं गाव होतं. अजूनही आहे. गावाच्या एका अंगाला मिठाची आगरं, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि शेतं आणि खाडी यांच्या मधे मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या पलीकडे खारं पाणी, अलीकडे गोडं. मधे नुसती माती. हा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं, तर त्या वर्षीचं भात जातंच, पण पुढे कितीतरी वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा उगवत नाही. म्हणून त्या गावात पोर चालायला लागलं की त्याला आधी बांधावरून नीट चालायला शिकवायचे.

बांधाच्या टोकाला उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार, लाकडाची जाड फळी. ओहोटी लागली की फळी वर ओढायची, म्हणजे शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत निघून जातं. भरती यायच्या आत ती खाली सोडायची, म्हणजे खाडी आत येत नाही. ज्याच्याकडे हे काम, त्याला जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा पाण्याचं भान ठेवावं लागायचं. या उघाडीजवळ, गावापासून लांब, एकच एक घर होतं. त्या घरात गोमी जन्मली.

गोमी जन्मली तेव्हा भरती चालू होती. तिचं पहिलं रडणं बांधावरून निघालं ते गावातल्या शेवटच्या घरापर्यंत गेलं, असं म्हणतात. त्या शेवटच्या घरात आंबूबाय धवलारीण तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं आणि सुनेला म्हणाली, "ही माझी हाय."

आता धवलारीण म्हणजे कोण, ते सांगायला हवं. त्या काळी या गावांमधे लग्न लागायचं ते गाण्याने. त्या गाण्याला धवला म्हणायचे आणि म्हणणारीला धवलारीण. धवल्यात हळदीचं नाव आलं की हळद लागायची, पाटाचं नाव आलं की नवरा पाटावर बसायचा. गाणं पुढे सरकेल तसं लग्न पुढे सरकायचं. गाणं अर्धं राहिलं तर लग्नही अर्धं राहिलं. कुठे लिहिलेलं नव्हतं यातलं काही. सगळं एकीच्या तोंडातून दुसरीच्या कानात.

आणि धवल्याचे दोन नेम होते. पहिला नेम, धवला एकटीने म्हणायचा नाही. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती तशीच परत म्हणायची. याला झेल घेणं म्हणत. झेललेली ओळ लग्नाच्या पदरात पडायची. जी ओळ कुणी झेलली नाही, ती जमिनीवर पडायची आणि मग सगळं पहिल्यापासून. दुसरा नेम याहून कडक. एकदा धवला धरला की मधे सोडायचा नाही. तहान लागो, ठसका लागो, मांडवाला आग लागो. म्हणणारीने गाण्यातून मान बाहेर काढायची नाही.

गोमी फ्रॉक घालायच्या वयाची, म्हणजे तेव्हा फ्रॉक नव्हते, लंगोट नेसायच्या वयाची होती तेव्हापासून आंबूबायच्या मागे झेलायला बसायची. आंबूबायने तिला कधी काही शिकवलं नाही. ती म्हणायची आणि ही झेलायची, बस. तालुक्याच्या बाजारात लोक तिला "झेलकरी पोर" म्हणून ओळखायचे. तिचा झेल इतका साफ होता की मांडवाबाहेर बसलेल्या माणसाला वाटायचं, आंबूबायच दोनदा म्हणते आहे.

गोमीचं स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा मोठा पेच पडला. नवरा होता हाशा, गावातलाच, मिठाच्या मचव्यावर, म्हणजे मोठ्या होडीवर, काम करणारा, शब्दाला महाग माणूस. पण धवला झेलणार कोण? झेलकरीणच पाटावर बसलेली. आंबूबाय मांडवात उभी राहिली, इकडे तिकडे बघितलं, आणि पहिली ओळ म्हणाली. आणि मुंडावळ्यांच्या आडून, मान खाली घातलेल्या नवरीने ती झेलली. सगळा मांडव हसला. हाशाच्या मित्रांनी त्याला चिमटे काढले, की बाबा, तुझं लग्न तुझ्या बायकोने स्वतःच लावून घेतलं, तू नुसता पाट अडवायला बसलास. हाशा म्हणे त्यावर एवढंच बोलला, "बरं झालं, माझा आवाज वाचला."

पुढे आंबूबाय गेली. जाताना तिने गोमीचा हात धरला आणि म्हणाली, "ओळ पडू देव नको." उघाडी सांभाळणारा गोमीचा बापही गेला, गोमी आणि हाशा उघाडीवरच्या घरात राहायला आले आणि फळी गोमीच्या हातात आली. हाशा मचवा घेऊन मीठ पोचवायला जायचा, तो आठ-आठ दिवस यायचा नाही. गोमी एकटीच फळी ओढायची, सोडायची, आणि लग्नसराई आली की धवला म्हणायला जायची. आता ती गोमी राहिली नाही, गोमीबाय झाली.

तिच्या गळ्याबद्दल खाडीकाठी काय काय सांगतात. ती म्हणायला लागली की चुलीवरचं दूध उतू जायचं थांबायचं. बांधावरचे बगळे एक पाय वर घेतलेला तसाच ठेवायचे. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बिळातून डोळे बाहेर काढून बसायच्या, आणि पोरं त्या वेचून घ्यायची, म्हणून गोमीबाय ज्या घरी धवल्याला जायची तिथे चिंबोरीचं कालवण ठरलेलं, असं म्हणतात. एकदा वऱ्हाडाची होडी ओहोटीत चिखलात रुतली होती, तर तिने काठावरूनच धवला धरला आणि पाणी मागे फिरून आलं. हे खरं की खोटं, कुणी विचारत नाही. होडी पोचली हे खरं.

अशी वर्षं गेली आणि गोमीबायला मुलगी झाली. शुक्रवारी झाली म्हणून नाव ठेवलं सुकरी.

सुकरी गोरीगोमटी, गुटगुटीत. पण बोलेना. वर्षाची झाली, बोलेना. तिच्या बरोबरीची पोरं "आय" म्हणाली, "बा" म्हणाली, "दूदू" म्हणाली. सुकरी नुसती बघायची. दोन वर्षांची झाली. गोमीबाय तिच्या पाठीमागे उभी राहून पितळेची ताटली खाली टाकायची. पोर चटकन मान वळवायची. म्हणजे ऐकू तर येतं. मग बोलत का नाही?

ज्या आईचं पोर बोलत नाही, तिला झोप कशी लागते, ते तिलाच माहीत. गोमीबायने पोरीच्या जिभेला मध लावला. सोन्याची अंगठी उगाळून चाटवली, ती अंगठीही दुसरीची मागून आणलेली. पोपटाने उष्टावलेला पेरू मिळवायला ती डोंगरापर्यंत चालत गेली, कारण तो खाल्ला की पोर पोपटासारखं बोलतं असं कुणीतरी सांगितलं होतं. सुकरीने पेरू आवडीने खाल्ला, बिया थुंकल्या, आणि पुन्हा गप्प. गोमीबाय तिच्या तोंडाकडे बघत बसायची. पोर झोपलं की ओठ हलतात का बघायची. नाकाशी बोट धरून श्वास बघायची. आणि दुसऱ्याच्या मांडवात जाऊन गायची, कारण लग्नं काही थांबत नाहीत.

अशाच एका हळदीला, सुकरी तिनाची असेल, बायका जात्यावर हळद दळत बसल्या होत्या. त्यांत गोमीबायची मोठी जाऊ होती, धाकी. धाकी गावात राहायची. मनाने वाईट नव्हती, पण तोंडाला कडी नव्हती. गोमीबायने नुकताच एक धवला संपवला होता. धाकी म्हणाली, "गोमे, तुझा गला तू सगल्या खाडीला वाटलास गो. लेकीला खरवड तरी ठेवलीस का?"

खरवड म्हणजे भांड्याच्या तळाला उरतं ते. बायका हसल्या. गोमीबायही हसली आणि पुढचा धवला तिने धरला.

पण घरी जाताना, पोरीला कडेवर घेऊन बांधावरून चालताना, तिच्या मनाने तो शब्द उचलला आणि खाली ठेवेना. एका बाजूला शेत, एका बाजूला खाडी. ती उघाडीवाली. तिला पाण्याचा एकच हिशोब माहीत होता, की फळी उघडी राहिली तर गोडं पाणी वाहून जातं आणि रोपांना काही उरत नाही. तिला वाटलं, गळाही असाच असणार. एका घरात आवाज येतो तो मोजकाच. माझी फळी सारखी वर. सगळा आवाज बाहेर गेला. पोरीच्या वाफ्यात येणार कुठून?

आगरात किंवा डोंगरात जन्मलेल्या बाईला असं सुचलं नसतं. उघाडीवरच्या बाईलाच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमीबायने फळी खाली सोडली. उघाडीची नव्हे, आपल्या गळ्याची. गाणं तर थांबवलंच, पण बोलणंही थांबवलं. एक शब्दसुद्धा वाया घालवायचा नाही. "ये" नाही, "जेव" नाही, "नीज" नाही. हाताने खूण करायची, भाकरी पुढे सरकवायची, थोपटायची ती पण मुकाट. सगळा आवाज घरात साठू दे, म्हणजे भरून भरून पोरीत उतरेल, असं तिच्या मनात.

लोक धवल्याला बोलवायला आले. तिने मान हलवली. आधी लोकांना वाटलं, बरं नसेल. मग वाटलं, रुसली. मग म्हणायला लागले, बाधा झाली. चिंचखारच्या लग्नांना पलीकडच्या काठाची धवलारीण आणावी लागली. ती चांगलीच म्हणायची, पण तिच्या धवल्यात चिंचखारचा बांध नव्हता, चिंचखारची उघाडी नव्हती. दुसऱ्याच्या घरात जेवल्यासारखी लग्नं लागली.

हाशा मचव्यावरून आला की गोमीबाय खुणेने सांगायची. एकदा तो म्हणाला, "मी बोलत नव्हतो ते चालत होतं, कारण तू बोलायचीस. आता या घरात कोण बोलतं गो?" गोमीबायने पोरीकडे बोट दाखवलं आणि हात वर उडवला, म्हणजे, बोलेल, आता बोलेल. हाशाने मग पुन्हा विचारलं नाही.

भात निघालं, परत लागलं, परत निघालं. सुकरी सहा-सात वर्षांची झाली. ज्या घरात चूल आणि पाणी एवढेच बोलतात, त्या घरात पोर काय शिकणार? ती खुणा शिकली. भूक लागली की पोटावर हात, पाऊस आला की बोटं खाली. आईसारखं. आणि दिवसभर ती उघाडीवर जाऊन बसायची. भरती चढायला लागली की पाणी फळीला दाबतं आणि फळीच्या फटीतून एक आवाज निघतो, हूं, असा, लांब, खालून वर जाणारा. सुकरी फळीला कान लावून तो ऐकायची. हाशा एकदा मचवा लावत होता तेव्हा त्याला ऐकू आलं की आज उघाडी दोन आवाजांत वाजते आहे. त्याला वाटलं, फळीला दुसरी फट पडली असेल, बघायला हवी. मग मिठाच्या गडबडीत तो ते विसरला.

आणि मग ती पितरांची अमावास्या आली.

अमावास्येला दुपारी मोठी भरती येते, आणि भादव्याच्या अमावास्येला उधाणच. शेतात भात पोटरीतून बाहेर येऊन लोंब्या धरत होतं. घरोघरी पितरांचं जेवण झालं होतं, लोक पानावरून उठत होते, तेवढ्यात बांधावरून ओरडा आला. चिंबोऱ्यांनी आणि उंदरांनी बांध आतून पोखरला होता. चिंचेच्या वळणावर बांधाला खांड पडली. आधी एक माणूस जाईल एवढी, बघता बघता बैलगाडी जाईल एवढी. आणि भरती अजून चढायची होती.

सगळं गाव धावलं. खांड बुजवायची एकच रीत. शेतातला चिकट चिखल काढायचा, त्याचे गोळे करायचे, आणि बांधावर रांग लावून एका हातातून दुसऱ्या हातात देत खांडीपर्यंत पोचवायचे. तिथे उभे असलेले पुरुष कांदळाच्या फांद्या आणि पेंढा दाबून त्यावर गोळे ठोकतात. गोळे थांबले तर पाणी मागचेही घेऊन जातं. म्हणून रांग थांबता कामा नये.

पण रांग जमेना. कुणाचा हात पुढे तर कुणाचा मागे. एकाने गोळा दिला तेव्हा दुसऱ्याने हात पुढे केलेला नसायचा. गोळे पायाशी पडायचे, फुटायचे. लोक एकमेकांवर खेकसायला लागले. पोरं वर उंचवट्यावर नेऊन बसवली होती, ती रडायला लागली. सुकरी त्यांच्यात होती, ती रडत नव्हती, बघत होती. गोमीबाय रांगेत मधे होती. तिच्या एका बाजूला जाऊ धाकी.

म्हातारी माणसं म्हणाली, गाणं पाहिजे. गाण्याशिवाय हात एकत्र यायचे नाहीत. बायकांनी म्हणून बघितलं. एकीने सुरू केलं तर दुसरीला ते येईना, तिसरीने दुसरंच धरलं. आवाज पाण्यात बुडून गेला. चिंचखारच्या बांधाचं नाव ज्या गाण्यात होतं, ते एकीलाच येत होतं, आणि ती तोंड मिटून चिखल देत होती.

कुणी तिला म्हणायला धजेना. मग धाकीने हातातला गोळा तसाच धरून ठेवला. रांग थांबली. धाकी म्हणाली, "गोमी, मी थट्टा केली होती गो. हळद दळताना. नुसती थट्टा."

गोमीबायने तिच्याकडे बघितलं.

इतकी वर्षं तिने आवाज साठवला होता. एकेक शब्द दाताखाली धरून ठेवलेला. पोरीला "सुकरे" अशी हाक मारायची इच्छा झाली तर ती गिळलेली. आणि आता तोंड उघडायचं म्हणजे फळी वर ओढायची, सगळं वाहून जाणार, आणि सुकरी जन्मभर मुकी राहणार. हे तिच्या मनात पक्कं होतं. धाकी काही म्हणो, थट्टेत बोललेलं खोटंच असतं असं थोडंच आहे? एका बाजूला गावाचं भात. एका बाजूला लेकीचा आवाज. तिने वर उंचवट्याकडे बघितलं. पोर तिच्याकडेच बघत होती. समोर पाणी बांधाच्या काठाला लागलं होतं, आणि आणखी थोडं चढलं असतं तर त्या उंचवट्याभोवतीच फिरलं असतं.

पोर आधी राहू दे, बोलणं मागून. असं तिने मनात म्हटलं, असं म्हणतात. आणि तिने तोंड उघडलं.

"पयली हळद बांधाला गो, बांधाच्या भाळाला..."

तो गोमीबायचा आवाज नव्हता. इतक्या वर्षांचा गंज चढलेला, चिरकलेला, मधेच हवा जाणारा. पण गाणं तेच होतं. रांग हलली. गोळा पुढे गेला.

आणि ओळ तशीच हवेत राहिली. आता ती झेलायला हवी होती. धाकीचा श्वास रडण्यात अडकला होता. बाकीच्या बायकांना ओळ आठवत नव्हती. इतकी वर्षं कुणी ती ऐकलीच नव्हती. ओळ खाली यायला लागली. गोमीबायला ती खाली येताना दिसली, असं म्हणतात. आंबूबायचा हात तिच्या हाताला लागल्यासारखा झाला. आणि तेवढ्यात वरून, उंचवट्यावरून आवाज आला.

हूं.

शब्द नव्हते त्यात. तोंड मिटलेलं. पण सूर जसाच्या तसा. जिथे ओळ वर गेली होती तिथे वर गेला, जिथे वळली होती तिथे वळला, आणि "भाळाला" वर जिथे ती टेकली होती, तिथे अलगद टेकला. उघाडीच्या फटीतून भरतीचं पाणी जसं गातं, तसा.

गोमीबायला कळलं, आवाज कुणाचा. आईला काय, पोराचा श्वास बदलला तरी कळतो. हा तर आवाज होता. तिचं सगळं अंग वळायला निघालं. चिखल टाकून वर धावावं, पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून बघावं, असं झालं. पण धवला धरला होता. धरला की सोडायचा नाही. मान बाहेर काढायची नाही. तिच्या हातातून गोळा पुढे गेला, नवा गोळा हातात आला, आणि तिने दुसरी ओळ म्हटली.

"दुसरी हळद लेकीला गो, लेकीच्या गालाला..."

हूं, वरून झेल आला.

मग ती थांबलीच नाही. पुढची ओळ, पुढचा झेल. तिचा आवाज हळूहळू गंज झाडून उभा राहिला. गोळे घड्याळासारखे जायला लागले. रांगेतल्या लोकांनी मग तोंड मिटूनच सुकरीबरोबर झेल घ्यायला सुरुवात केली, कारण शब्द कुणाला येत नव्हते आणि सूर आता सगळ्यांना कळला होता. सगळा बांध हूं करून वाजायला लागला. तेव्हा खाडीचं पाणी काठाशी येऊन थांबलं. चढायची वेळ होती, तरी चढलं नाही. बगळे पाय वर घेऊन उभे राहिले. शेवटचा गोळा बसेपर्यंत पाणी तसंच उभं होतं आणि मग ते आल्या वाटेने मागे गेलं, असं म्हणतात. आणि या सगळ्या वेळात गोमीबायच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती ते पुसत नव्हती, आणि एकदाही, एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही.

धवला संपला. मग ती वळली.

उंचवट्यावर चढली, पोरीसमोर बसली, आणि चिखलाचा हात तिच्या गालाला लावला. सुकरीच्या गालावर आईची पाचही बोटं उमटली. गोमीबाय म्हणाली, "सुकरे." पोरीने तिच्या ओठांकडे बघितलं. आईचा आवाज असा होता, हे तिला नव्याने कळत असावं. गोमीबाय पुन्हा म्हणाली, "सुकरे. माझी सुकरी. हा बांध हाय. हा चिखल हाय. ती धाकी काकी हाय, रडते हाय, येडी." आणि ती बोलतच राहिली. दिसेल ते सांगत राहिली. घरी जाताना सांगत राहिली, भाकरी थापताना सांगत राहिली. हाशा मचव्यावरून आला तेव्हा दोन दिवस त्याला एक शब्द बोलायला वाव मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, की आपण मचव्यावरच बरे होतो. पण लोक सांगतात, त्यानंतर तो मीठ घेऊन फार लांब कधी गेला नाही.

सुकरी पुढे बोलली का? इथे लोकांचं एकमत नाही. काही म्हणतात, वर्षाच्या आत चुरूचुरू बोलायला लागली आणि इतकी बडबडी झाली की सासूने कपाळाला हात लावला. काही म्हणतात, दोन-चार शब्दांपलीकडे ती कधी गेली नाही, "आय", "पानी", "बा", एवढेच. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत. त्या दिवसापासून गोमीबाय जिथे जिथे धवला म्हणायला गेली, तिथे तिथे सुकरी तिच्या बाजूला बसली आणि तिने तोंड मिटून झेल घेतला. नेमात "शब्द" असं कुठे म्हटलं होतं? ओळ पडली नाही म्हणजे झालं. गोमीबायला कुणी विचारलं, की पोर बोलते का गो, तर ती म्हणायची, "माझी ओळ झेलते. तुमची झेलतंय का कुणी?"

गोमीबाय फार म्हातारी झाली. शेवटी शेवटी तिला बांधावर बसून भरती बघायला आवडायचं. एका भरतीला ती उघाडीवर बसून धवला म्हणत होती आणि सुकरी झेलत होती. ओहोटी लागली तेव्हा लोकांनी बघितलं, सुकरी एकटी बसली होती, फळीला कान लावून. आईची साडी नीट घडी करून मांडीवर घेतलेली. गोमीबाय पाण्यातून गेली की आवाजातून, हे कुणी सांगू शकत नाही. सुकरी रडत नव्हती. ती ऐकत होती आणि झेलत होती.

आता उघाडीला लाकडाची फळी नाही. सिमेंटचं बांधकाम आहे, लोखंडी झडप आहे. खाडीवर पूल आहे, त्याच्यावरून गाड्या जातात. धवला म्हणणाऱ्याही फार उरल्या नाहीत. लग्नाला मोठाले स्पीकर असतात. पण चिंचखारला हळदीच्या दिवशी अजून पहिली हळद बांधाला जाते. एक वाटी भरून नेतात आणि चिंचेच्या वळणावर, जिथे खांड पडली होती तिथे मातीला लावतात. मगच नवरीच्या गालाला. आणि लग्नात पहिली ओळ म्हटली जाते तेव्हा स्पीकर बंद करतात. पहिला झेल शब्दांनी घ्यायचा नाही. सगळा मांडव तोंड मिटून घेतो, हूं, म्हातारी कोतारी, शाळेतली पोरं, मोबाइल हातात धरलेले नवऱ्याचे मित्र, सगळे.

आणि आणखी एक. ज्या आईचं पोर बोलायला उशीर करतं, तिला चिंचखारच्या बायका मध सांगत नाहीत, पेरू सांगत नाहीत. तिच्या पोराच्या तोंडाकडे टक लावून बघतही नाहीत. नुसतं सांगतात, की भरतीच्या वेळी उघाडीवर जाऊन बस गो गोमीबायजवळ. मग ती आई जाते. डॉक्टरला दाखवून आलेली असली तरी जाते. पोराला मांडीवर घेते आणि दिसेल ते सांगत बसते. हा बगळा. ही चिंबोरी. ती बघ होडी, तिच्यात बाबा असतील का? पाणी आलं बघ, आलं, आलं. पोर काही बोलत नाही. आई बोलत राहते. तिला तिथे कुणी गप्प करत नाही आणि कुणी घाईही करत नाही.

मग झडपेच्या फटीत पाणी शिरतं आणि तो आवाज निघतो, लांब, खालून वर जाणारा. तेव्हा आईने बोलायचं थांबायचं असतं, एवढाच काय तो नेम. आणि वाट बघायची असते, कुणी झेलतंय का.